उशिरा आलेला मेंदू

५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

फोन आपटलास म्हणून पत्र. "तू गाडी सुटत असल्यासारखी बोलतेस, मला ओ की ठो कळत नाही, काय ते लिहून पाठव," असं म्हणालीस ना? घे आता. आणि कंटाळलीस तर तक्रार करायची नाही. लहानपणी तुझ्या डोक्याला भुंगा लावायचे म्हणून माझं नाव भुंगा तूच पाडलंस.

तर मी प्रयोगशाळेत दिवसभर काय करते? माणसाच्या आणि चिंपांझीच्या मेंदूचे मटाराएवढे तुकडे घेते आणि त्यात कोणती जनुकं किती कामात होती ते मोजते. आपली आणि त्यांची जनुकं जवळजवळ सारखीच, हे तुझ्यासारख्या जनावरांच्या डॉक्टरला मी काय सांगू? मग एवढं सारखं असून एक जण पिंजऱ्याच्या आत आणि एक बाहेर कसा? असं बघ, दोन घरांत अगदी सारखेच दिवे बसवलेत. पण एका घरात स्वयंपाकघरातला दिवा दिवसभर चालू, दुसऱ्यात माळ्यावरचा. दिवे मोजून काही कळत नाही. कुठला, कुठे आणि किती वेळ लावलाय ते बघावं लागतं. माझा धंदा तोच, लोकांच्या घरात डोकावून दिवे बघायचा.

आणि मावशी, सापडलंय गं! मेंदूत ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या पेशी धर. एक चेतापेशी, एकमेकींशी सतत बोलणाऱ्या. दुसऱ्या त्यांना सांभाळणाऱ्या: खाऊपिऊ घालायचं, कचरा काढायचा, डागडुजी करायची. चिंपांझीत बोलणाऱ्यांची जनुकं जोरात आणि सांभाळणाऱ्यांची बेताची. माणसात बरोबर उलटं! आमचे सर तर हवेतच आहेत. "सांभाळणाऱ्या पेशींनी माणसाला माणूस केलं" असं त्यांनी फळ्यावर लिहिलंय आणि कोणाला पुसू देत नाहीत.

जूनमध्ये मोठी परिषद आहे. तिथे हे मी मांडायचं. नीट झालं तर माझी नोकरी पुढची काही वर्षं पक्की. नाही झालं तर ऑगस्टपासून मी घरी बसून तुला रोज पत्र लिहीन. तेव्हा तूच विचार कर.

अडचण एकच. चिंपांझीचे मेंदू आमच्याकडे तीनच आहेत, आणि तिनावर कोणी विश्वास ठेवत नाही. तुझ्या प्राणिसंग्रहालयातली ती म्हातारी, मोठीबाई, फार थकलीय असं तू म्हणाली होतीस. ती गेली की आमची माणसं येतील. फक्त तासा-दीड तासाच्या आत तुकडा मिळायला हवा. सही तुझीच लागते, म्हणून तुलाच विचारतेय.

तुझी,
भुंगा

१४ फेब्रुवारी

भुंग्या,

पत्र तीनदा वाचलं. दिव्यांचं कळलं. एक कळलं नाही. दिवा आत्ता लागलाय का ते जिवंतपणी बघायचं असतं. तू मेलेल्याच्या घरात डोकावून कसं सांगतेस की कुठला दिवा चालू होता?

आता मोठीबाईचं ऐक. जिवंत आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त हट्टी आहे. गुडघे गेलेत, एक डोळा गेलाय. औषध केळ्यात घातलं तर केळं खाते आणि गोळी माझ्या हातावर परत ठेवते, वर असं बघते की मलाच लाज वाटावी. तिची लेक, आम्ही तिला धाकटी म्हणतो, दिवसभर तिला चिकटून असते. कळपात एक दांडगा नर आहे. सगळ्यांवर खेकसतो, पण मोठीबाई समोर आली की मुकाट बाजूला सरकतो.

आणि आमच्याकडे एक रीत आहे, ती तुला आधीच सांगते, मागाहून भांडण नको. कळपातलं कोणी गेलं की आम्ही आमच्या आणि त्यांच्या मधलं दार उघडत नाही. बाकीचे जवळ बसतात. बसू देतो. आपणहून उठून लांब गेले की मगच आत जातो. पूर्वी असं नव्हतं. मी इथे नवी होते तेव्हा एक पिल्लू गेलं, तर वरच्या साहेबांनी घाई केली. पाण्याचे फवारे मारून सगळ्यांना हुसकलं आणि पिल्लू उचललं. त्याची आई नंतर कितीतरी दिवस त्या दारावर हात आपटत होती. जेवली नाही. मला तो आवाज आजही ऐकू येतो. तेव्हापासून दाराची किल्ली माझ्याकडे.

कधी लवकर उठतात, कधी दिवसभर हलत नाहीत. तुझ्या तासा-दीड तासाचं मी काय करू? विचार करते. नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही.

ते तीन चिंपांझी कुठून आणलेस, ते लिही.

मावशी

२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझा पहिला प्रश्न इतका बरोबर आहे की आमच्याकडे नवीन आलेली मुलंही तो विचारत नाहीत. जनुक काम करतं म्हणजे पेशीत त्याच्या चिठ्ठ्या निघतात: हे बनव, ते बनव. आम्ही त्या चिठ्ठ्या मोजतो. माणूस गेला तरी चिठ्ठ्या लगेच नाहीशा होत नाहीत. तुकडा तेवढ्यात गोठवला की तो क्षण तिथेच थांबतो. उशीर झाला तर चिठ्ठ्या विरतात, म्हणून तर घाई. माणसांचे मेंदू आम्हाला एका इस्पितळातून मिळतात. लोकांनी हयातीत सही करून ठेवलेली असते. ते आमच्याकडे जरा सावकाश येतात, पण चिठ्ठ्या वाचता येतील इतपत चांगले असतात, ते आम्ही तपासून घेतो.

तीन चिंपांझी तीन ठिकाणचे. तिन्ही वेळा आमची माणसं आधीच जाऊन दाराशी उभी होती. श्वास थांबला की कळपाला बाजूला करून काम सुरू. सुरेख नमुने आहेत.

मावशी, तुझी रीत मला कळते. पण एकदाच, एका दुपारपुरती मोडलीस तर काय होईल? रागावू नकोस, पण शेवटी ते चिंपांझी आहेत. कोण गेलं आणि कोण कशासाठी बसलंय, हे त्यांना खरंच कळतं का? की आपणच आपलं मन त्यांच्यात घालतो? मी हे प्रयोगशाळेतली म्हणून विचारतेय. आणि नोकरी माझी आहे, हेही खरंच.

भुंगा

१ मार्च

भुंग्या,

त्यांना काय कळतं ते मला माहीत नाही. तीस वर्षं बघतेय तरी माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी कधी आणला नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू गाडीत होतीस. इस्पितळवाले दोनदा येऊन म्हणाले, आता न्यायला हवं. मी म्हटलं, पोरगी येतेय, ती आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तू आलीस आणि तिच्या उशाशी बसलीस. किती वेळ ते कोणी मोजलं नाही. तुला तेव्हा काय कळत होतं ते मी तुला विचारलं का?

दार उघडणार नाही. कळप उठला की तुझ्या माणसांना बोलावीन. मिळेल तेव्हा मिळेल, तो तुकडा घ्या, नाहीतर नका घेऊ.

मावशी

१९ मार्च

प्रिय मावशी,

चुकलं माझं. एवढंच लिहायला इतके दिवस लागले, कारण दर वेळी पुढे "पण" यायचं आणि मी कागद फाडायचे.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, उशिराचा चिंपांझी आपल्या काही कामाचा नाही, तिनावरच भागवू. मी म्हटलं, मिळेल तसा घेऊन ठेवू, फ्रीजमध्ये जागा आहे. त्यांनी खांदे उडवले.

मोठीबाई कशी आहे? आणि गोळी हातावर परत ठेवते म्हणजे आधी चाखून बघते की वासानेच ओळखते? नुसतं कुतूहल म्हणून विचारतेय, त्यामागे काही नाही.

भुंगा

७ एप्रिल

भुंग्या,

चाखून. जिभेने केळं वेगळं करते, गोळी ओठांत धरते. करायची, म्हणायला हवं आता. मोठीबाई परवा सकाळी गेली.

सकाळची फेरी मारायला गेले तर ती गवतावर आडवी होती आणि श्वास मोठे मोठे चालले होते. धाकटी तिच्या डोक्याशी. बाकीचे भोवती. ओरडाआरडा नाही, काही नाही. श्वास थांबला तसा तो दांडगा पुढे आला, तिचा हात उचलून बघितला, सोडला. हात खाली पडला. पुन्हा उचलला. मग जरा लांब जाऊन पाठ करून बसला.

धाकटी केस निवडत बसली. पाठ झाली, खांदे झाले, मग गवताची एक काडी घेऊन आईचे दात साफ करायला लागली. इतक्या सावकाश की मी बघतच राहिले. माशा बसल्या की हाताने उडवायची. पिल्लं यायची, वास घ्यायची, जायची. धाकटी हलली नाही. दुपारी केळी टाकली, तीही घेतली नाहीत.

आता तुला एक सांगते. कळप उठल्यावर बोलावीन म्हटलं होतं, तरी तुझ्या माणसांना मी सकाळीच फोन केला होता. ती गाडी घेऊन फाटकाशी आली आणि खोळंबली. त्यांचा ड्रायव्हर मला येऊन म्हणाला, "बाई, इथे काय माकडाचा सोहळा चाललाय का?" त्याला मी असा झापला की पुन्हा गाडीतून उतरला नाही. पण भुंग्या, कुलपाला मी दोनदा हात लावला. तुझी नोकरी डोळ्यांसमोर येत होती. नळी तिथेच होती, पाणी मारलं असतं तर पाच मिनिटांत जागा मोकळी झाली असती. दोन्ही वेळा धाकटीने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी मागे फिरले.

ऊन उतरल्यावर ती आपणहून उठली. मग आम्ही आत गेलो. तुझा तुकडा गाडीतून गेलाय. बिनकामाचा असेल तर टाकून दे, पण मला कळव. आणि तुझं नुकसान झालं असेल तर माझ्यावर रागव. मला चालेल.

मावशी

२० मे

प्रिय मावशी,

बस आधी. खुर्चीत बस, मग वाच.

सर म्हणाले होते, तो तुकडा तपासण्यात वेळ घालवू नकोस. पण मला राहवेना. इतका उशिरा आलेला, बघू तरी आत काय शिल्लक आहे. चिठ्ठ्या होत्या, चांगल्या वाचण्याजोग्या. आणि मोठीबाई माणूस निघाली!

खरंच सांगते. सांभाळणाऱ्या पेशींची जनुकं जोरात, चेतापेशींची मंद. हुबेहूब माणसांच्या मेंदूंसारखी. मला वाटलं डब्यांची अदलाबदल झाली. आमच्या मदतनीस बाईंवर मी उगाच खेकसले, त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि चूक त्यांची नव्हतीच. नवीन तुकडा काढून पुन्हा केलं. जनुकं चिंपांझीचीच, शंकाच नाही. दिवे मात्र माणसासारखे लागलेले. मग म्हटलं, म्हातारी होती म्हणून असेल. पण आमच्या तिघांतला एक तिच्याच वयाचा होता, आणि त्याचं असं नव्हतं.

मग राहिलं काय? वेळ.

मावशी, श्वास थांबला तरी मेंदूतल्या सगळ्या पेशी एकदम थांबत नाहीत. बोलणाऱ्या लवकर गप्प होतात. सांभाळणाऱ्या मात्र काही बिघडलंय असं समजून कामाला लागतात, तासन् तास आवरत राहतात. तेव्हा उशिराच्या कुठल्याही मेंदूत त्यांची जनुकं जोरात दिसणारच. आमचे चिंपांझी सगळे लगेचचे. माणसांचे मेंदू सगळे उशिराचे. उशीर किती झाला ते आम्ही लिहून ठेवत होतो गं! पण एका बाजूला सगळे ताजे आणि दुसऱ्या बाजूला सगळे उशिराचे असले, तर फरक प्राण्याचा की वेळेचा हे कोणाच्या बापाला वेगळं काढता येणार नाही. दोन वर्षं मी त्या तक्त्याकडे बघत होते आणि मला हे दिसलं नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "चिंपांझीचा उशिराचा नमुना वगळायचा, हा आपला पहिल्यापासूनचा नियम आहे. तो वगळलास तर तू काही चुकीचं करत नाहीस." आणि तेही खरंच आहे. नियमात अगदी चोख बसतं. मोठीबाईला वगळलं की जूनमध्ये टाळ्या आणि ऑगस्टनंतरही पगार. ठेवलं तर मांडायलाच काही उरत नाही.

मी काय करू? तू सांगशील ते करणार नाही, पण सांग.

भुंगा

२८ मे

भुंग्या,

करणार नाहीस तर सांगून तोंडाची वाफ कशाला दवडू? तुझं तू ठरव. नोकरी गेली तर माझ्याकडे खोली आहे आणि केळी भरपूर आहेत.

मला दुसरंच विचारायचंय. माणसं उशिरा का येतात? इस्पितळ तुमच्याजवळ, गाडी तुमची. आमच्याकडे तर दार बंद होतं, तिकडे कोण अडवतं?

आणि एकट्या मोठीबाईवरून एवढं मोठं कसं ठरवतेस? मी एका जनावरावरून औषध ठरवलं असतं तर तूच मला फाडून खाल्लं असतंस.

सगळे दिवे सारखेच निघाले का? की एखादा खरोखर वेगळा उरला? मला राहून राहून तेच वाटतंय. काहीतरी वेगळं असणारच, नाहीतर ही पत्रं धाकटीने नसती लिहिली?

मावशी

२३ जून

प्रिय मावशी,

आता सगळं ओळीने सांगते.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी इस्पितळात गेले. शवागारात एक बाई काम करतात, कित्येक वर्षं तिथेच आहेत. त्यांना विचारलं, आमचे मेंदू इतके उशिरा का सोडता? त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाल्या, "अहो, घरचे बसलेले असतात. कोणीतरी यायचं असतं. आम्ही कसं उठवणार? त्यांचं झालं की मग तुमचं." दोन वर्षं रोज त्या तक्त्यातले उशिराचे तास वाचले, पण ते तास कोणाचे होते हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग तुझा दुसरा प्रश्न. एकट्या मोठीबाईवर भागणार नाही, हे बरोबरच. उलटं उदाहरण हवं, लवकर मिळालेला माणूस. तो आमच्याकडेच होता, मावशी! आम्हीच बाजूला काढला होता, "बाकीच्यांशी जुळत नाही" म्हणून. एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी स्वतःच सही केली होती आणि घरच्या माणसाच्या जागी रेघ मारली होती. ते गेले तेव्हा यायचं कोणीच नव्हतं. तासाभरात आमच्याकडे पोचले. पुन्हा तपासलं. चेतापेशी जोरात, सांभाळणाऱ्या बेताच्या. अगदी आमच्या तीन चिंपांझींसारखे. मला त्या दिवशी रडू आलं, आणि ते शास्त्रासाठी नव्हतं.

काहीच उरलं नाही असं मात्र नाही. वेळेची भानगड काढून टाकली तरी मूठभर जनुकं हलली नाहीत. मोठीबाईत आणि त्या तीन चिंपांझींत एक तऱ्हा, माणसांत दुसरी, लवकरचे असोत की उशिराचे. त्यातली बरीचशी चेतापेशींच्या जोडण्यांशी संबंधित आहेत. का, ते अजून माहीत नाही. मूठ छोटी आहे, पण खरी असेल असं वाटतं. आणि मला आता तिचंच वेड लागलंय.

परवा परिषदेत मी मोठीबाईला वगळलं नाही. त्या गृहस्थांनाही परत तक्त्यात घेतलं. सरांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग मी पहिल्या रांगेत बसणार नाही." आणि तरी पहिल्याच रांगेत बसले. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की परिषदेच्या पुस्तिकेत आम्ही जो सारांश छापायला दिला होता तो मागे घेतलाय आणि का घेतलाय ते आता दाखवते.

संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. लोक पुढे वाकून बघत होते, आपापल्या तक्त्यांचा विचार करत असावेत. नोकरी ऑगस्टमध्ये संपतेय. सर म्हणालेत, त्या मूठभर जनुकांसाठी नवा अर्ज कर, सही मी करीन. मंजूर होईल की नाही, देव जाणे. तोवर तुझी खोली झाडून ठेव. आणि फळा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला.

शेवटी मागच्या रांगेतून एका वयस्कर बाईंनी हात वर केला. त्यांच्या आवाजात खवचटपणा नव्हता, खरंच कुतूहल होतं. म्हणाल्या, "प्राण्यांमधला फरक तुम्ही मोजला नाहीत हे कळलं. मग दोन वर्षं तुम्ही नक्की मोजलंत तरी काय?"

मी म्हटलं, "माणसाच्या घरच्यांना आपण बसू दिलं, आणि चिंपांझीच्या घरच्यांना उठवलं. तेवढंच."

तुझी,
भुंगा